शेऱ्याच्या रकान्यातला आवळा

आवळा देऊन कोहळा काढणं ही म्हण लोक लबाड माणसासाठी वापरतात. महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मात्र ती रोजच्या कामाची भाषा होती. तिथे आवळा म्हणजे फसवा नमुना आणि कोहळा म्हणजे ती फसवणूक पकडणारं औषध. चहा घेऊन येणारा पंढरी म्हणायचा, तुमच्याकडे येण्यापेक्षा तुर्भ्याच्या भाजी मार्केटला गेलेलं बरं, तिथे निदान पिशवी तरी भरते. या विनोदांना सगळ्यात मोठ्याने हसायचा तो रूपेश, लॅबचा टेक्निशियन. पुढे त्याच्या घरावर जे आलं ते याच हसण्याच्या वाटेने आलं, म्हणून ही भाषा आधी समजून घ्यायला हवी.

लहान मुलांच्या पोटात, मूत्रपिंडाच्या वरच्या अंगाला, कधीकधी एक वाईट गाठ धरते. ती नसांच्या पेशींची असते. एका नसेचा सांगावा दुसरीला नेणारा जो निरोप्या, ज्याला डॉक्टर डोपामाइन म्हणतात, तो ही गाठ भरमसाट बनवत सुटते आणि तो लघवीतून वाहून जातो. मोठ्या हॉस्पिटलात तो मोजायची यंत्रं असतात. तालुक्याच्या दवाखान्यात काही नसतं, आणि पोर तिथून मुंबईला पोचेपर्यंत गाठ नारळाएवढी झालेली असते. खांदेश्वरला राहणाऱ्या वैजयंती मॅडमनी आपल्या आयुष्याची सहा वर्षं या एका गोष्टीत घातली होती. त्यांना असा संच करायचा होता, की लघवीचे दोन थेंब टाकले आणि नुसत्या डोळ्यांना रंग दिसला तरी नर्सला कळावं.

त्यांची युक्ती म्हणजे सिरियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडची पूड. इतकी बारीक, की पाण्यात टाकली तर जेमतेम पिवळसर झाक येते. ही पूड शरीरातल्या एन्झाइमसारखी वागते. जिवंत नाही, पण जिवंताचं सोंग बेमालूम घेते, म्हणून रूपेशने तिचं नाव ठेवलं होतं बहुरूपी. बहुरूपी एका साध्या पाण्यासारख्या द्रवात गेला की तो द्रव पाच मिनिटांत निळाभोर होतो. मग त्यात नमुन्याचे दोन थेंब टाकायचे. निरोप्या असला तर निळा रंग उतरतो, आणि निरोप्या जितका जास्त तितका रंग फिका पडतो. यंत्र शंभरातला किती निळा उरला तो आकडा देई. निरोगी मुलांचा नव्वदच्या आसपास यायचा. ऐंशीच्या खाली आला की हॉस्पिटलला फोन करायचा, असा मॅडमचा नियम होता.

यात खोडा एकच होता, व्हिटॅमिन सी. तेही निळा रंग असाच उतरवतं. सुरुवातीच्या दिवसांत ऐरोलीच्या एका धडधाकट मुलीची कुपी पांढरी पडली, तेव्हा मॅडमना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी चौकशी केली तर पोरीने शाळेबाहेरचे मीठ लावलेले आवळे फ्रॉकचा ओटा भरून खाल्ले होते. त्या दिवसापासून निरोगी मुलाचा रंग उतरला की वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं ‘आवळा’, आणि तो आकडा सोडून द्यायचा. यावर इलाज होता. भोपळा-काकडीच्या जातीच्या फळातून काढलेलं एक खरं एन्झाइम मिळतं. ते व्हिटॅमिन सी तेवढं खातं आणि निरोप्याला हात लावत नाही. त्याचंच नाव कोहळा. पण तो परदेशातून चिमूटभर यायचा, म्हणून फक्त आजारी मुलांच्या कुप्यांवर वापरायचा असं ठरलेलं होतं. निरोगी पोरावर कोहळा कोण वाया घालवणार? पोर निरोगी आहे, हे तर आधीच फॉर्मवर लिहिलेलं असे.

आणि तीस नंबरच्या फॉर्मवर ते रूपेशने स्वतः लिहिलं होतं.

झालं असं, की दर चार आठवड्यांनी एक कुपी द्यायला पाच वर्षांखालची तीस निरोगी मुलं हवी होती आणि मिळाली एकोणतीस. दिघ्याच्या एका आईने आधी हो म्हटलं आणि ऐन वेळी पाठ फिरवली. पोरीची लघवी बाटलीत भरून कुठे नेता, कुणी काही करणी केली तर, असं तिच्या सासूने तिच्या डोक्यात भरवलं होतं. काम अडलं. कामाला असलेल्या माणसांच्या घरचं मूल घ्यायचं नाही असा नियम होता, आणि रूपेश नियमाचा पक्का म्हणून ओळखला जायचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं, त्याच्या कुप्यांवरची लेबलं एका रेषेत. अशी माणसं नियम मोडतात तेव्हा तेही नीटनेटकेपणाने मोडतात. त्याने फॉर्मवर नाव लिहिलं श्रुती, वय साडेतीन, पत्त्यात आपल्याच इमारतीचा खालचा मजला टाकला, ‘आरोग्य’ समोर ‘निरोगी’ वर खूण केली आणि पालकाच्या सहीच्या जागी एक वळसा मारून दिला. कुपी होती त्याच्या मुलीची, जाईची. बायकोला, नमिताला, त्याने यातलं काही सांगितलं नाही. ती कोपरखैरण्याच्या एका शाळेत बालवर्गाला शिकवायची, सकाळी सातलाच घराबाहेर पडायची. कळलं असतं तर पोरीला प्रयोगाला लावलीस म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

घर घणसोली गावठाणात. वडिलांनी गावठाणातल्या जागेवर चार मजले चढवून भाडेकरू ठेवले होते आणि वरच्या मजल्यावर स्वतः राहिले. ते गेल्यावर घरात रूपेश, नमिता, जाई आणि रूपेशची आई भागीरथी. भागीरथीबाईंचा साऱ्या आजारांवर एकच इलाज होता, खायला घालणं. दिवाळीनंतर जाई जरा खंगल्यासारखी दिसू लागली. चालताना मध्येच बसायची, कडेवर घे म्हणायची, डोळ्यांखाली काळं आलं होतं. पोट मात्र बऱ्यापैकी टम्म. नमिता म्हणाली जंत झाले असतील, औषध दिलं. आजीने बाजारातून मोठे आवळे आणून टोचले, पाकात शिजवले आणि काचेची बरणीभर मोरावळा घातला. रोज सकाळी एक फोड पोरीच्या तोंडात. रूपेश म्हणायचा, आये, तू तिला पैलवान करून सोडणार.

पहिली कुपी आणली डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी. आकडा आला एकसष्ट. रूपेशच्या काळजाचा ठोका चुकला, हे खोटं कशाला बोला. पण क्षणभरच. मॅडम मागून येऊन वाकून बघत म्हणाल्या, तीस नंबर, आवळा का? आणि त्याला बरणी आठवली. तो मोकळेपणाने हसला. हो मॅडम, आजी मोरावळा भरवते तिला, मला माहितेय, आमच्या खालीच राहतात. मॅडमही हसल्या. शेऱ्याच्या रकान्यात त्याने मोत्यासारख्या अक्षरात ‘आवळा’ लिहिलं. घरी जाऊन आईला बजावलं, की महिनाभर पोरीला मोरावळा बंद, कामाचं आहे. भागीरथीबाईंनी मान डोलावली. त्यांच्या मान डोलावण्यावर रूपेशचा तिळभर विश्वास नव्हता. डॉक्टरने साखर बंद केल्यावरही पदराआड गूळ खाणारी बाई ती, ती काय ऐकणार.

त्यामुळे दुसऱ्या कुपीचा आकडा त्रेसष्ट आला तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. एकतीस डिसेंबर होता, लॅबमध्ये केक आणला होता, सगळ्यांना लवकर निघायचं होतं. त्याने घरी फोन करून विचारलं. आई म्हणाली, नाय दिला रं. तो म्हणाला, बरं बरं, नाय दिलास. फोन ठेवला आणि परत लिहिलं, ‘आवळा’. या वेळी मॅडमनी विचारलंही नाही. खाली सही केली आणि अंगातला लॅबचा कोट उतरवला. पहिल्यापेक्षा आकडा दोनाने बरा आलाय, म्हणजे आईने निदान दोन दिवस तरी दम धरला असेल, असाही त्याने हिशेब केला. आईला खोटी ठरवणं किती सोपं असतं. आपल्यावर तिची माया आहे एवढ्या एका पुराव्यावर आपण तिला खोटी ठरवतो.

तिसरी कुपी आली अठ्ठावीस जानेवारीला, बुधवारीच. सकाळी आजीने पोरीला धरून वाटीत नमुना घेतला तेव्हा जाई रडलीसुद्धा नाही. नुसती आजीच्या खांद्यावर मान टाकून बसली. रूपेशला वाटलं, झोप झाली नसेल.

साडेअकराला त्याने थेंब टाकले. निळा रंग उतरायला लागला आणि उतरतच गेला. शेवटी तबकडीच्या खळगीत उरलं ते कपडे धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी. आकडा अडतीस. आजारी मुलांच्या पानांवरसुद्धा इतका कमी आकडा दोनदाच आला होता. रूपेशला भीती वाटली नाही, राग आला. हे त्याने नंतर स्वतःशी कितीदा तरी आठवलं, की त्या घटकेला त्याला आईचा राग आला होता. सबंध बरणी पोरीच्या घशात रिकामी केलीस की काय, एवढंच त्याच्या मनात आलं. जेवणाच्या सुट्टीत तो बाइकवर बसला आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने दहा मिनिटांत घरी पोचला. आज बरणी समोर ठेवून आईला रंगेहाथ पकडायची, असं ठरवूनच.

भागीरथीबाई जाईला मांडीवर आडवी घेऊन पाठीला तेल चोळत होत्या. रूपेश चपला न काढता स्वयंपाकघरात गेला, वरच्या फळीवरून बरणी काढली आणि ओट्यावर आपटल्यासारखी ठेवली.

बरणी तीन हिस्से भरलेली होती. झाकण फिरेना, कडेला पाक सुकून घट्ट बसला होता. फडक्याने धरून जोर लावला तेव्हा निघालं. आत फोडींवर पाकाची साखर झाली होती, पांढरा, जाड, सलग पापुद्रा. त्यात चमच्याची एकही खूण नव्हती. त्याने बोटाने दाबून पाहिलं, तर पापुद्रा करकरला. एवढी साखर धरायला किती दिवस लागतात हे कळायला लॅबमध्ये काम करावं लागत नाही.

“आये, हा कधीपासून दिला नाय?”

“तू बोल्लास देऊ नको, त्याच दिसापासून.” त्या तेल चोळायच्या थांबल्या नव्हत्या. “किती येला सांगू? तू आयकतंस कुठं. मी काय खोटी हाय?”

रूपेशने पेरूचं विचारलं, लिंबाचं विचारलं, भाडेकरणीने काही दिलं का, शाळेतून येताना नमिताने संत्री आणली का. भागीरथीबाई प्रत्येक वेळी नाही म्हणाल्या. पोरगी सकाळी चहात बिस्कीट बुडवून अर्धं खाते आणि अर्धं टाकते, याच्यावर तिच्या पोटात दिवसभर काही जात नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी जाईला उताणी केलं. फ्रॉक वर सरकवला आणि पोटाच्या डाव्या अंगाला आपली चार बोटं टेकवली.

“हितं हात लाव,” त्या म्हणाल्या. “महिना झाला, तेल चोलताना लागतं. मना वाटलं जेवान जिरत नाय.”

रूपेशने हात लावला. मऊ पोटाखाली काहीतरी होतं, दगडासारखं टणक, खडबडीत. ते दाबल्यावर सरकलं नाही. जाईने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि बाबा, तुझा हात गार आहे, म्हणाली.

तो परत निघाला. वाटेत त्याच्या मनाने जेवढ्या पळवाटा असतात तेवढ्या सगळ्या धुंडाळल्या. बहुरूपीची बाटली जुनी झाली असेल, पण सकाळी इतर चार कुप्या नव्वदवर आल्या होत्या. आईने नमुन्याची वाटी लिंबाच्या साबणाने धुतली असेल, पण वाटी त्यानेच लॅबमधून नेलेली होती. पोट कडक आहे ते बद्धकोष्ठाने असेल. हे शेवटचं त्याने मनाशी चांगलं धरून ठेवलं. कळंबोलीकडे निघालेल्या लोखंडाच्या ट्रकने मागून हॉर्न दिला तेव्हा त्याला कळलं, की सिग्नल केव्हाच हिरवा झालाय.

लॅबमध्ये मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. रूपेशने फ्रीझरमधून कोहळ्याची बारीक बाटली काढली. आजवर त्याने ती मॅडमच्या परवानगीशिवाय कधी उघडली नव्हती. मग तीस नंबरच्या तिन्ही कुप्या काढल्या, डिसेंबरची, वर्षअखेरची आणि आजची. नमुने जपून ठेवायचा लॅबचा नियम होता आणि रूपेश नियमाचा पक्का. आधी त्याने चघळायची व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून त्यावर कोहळा घालून पाहिला. निळा रंग जागचा हलला नाही. म्हणजे कोहळा चांगला होता. त्याला वाटत होतं, तो बिघडलेला निघावा.

मग त्याने तिन्ही कुप्यांत कोहळा घातला आणि थांबला. त्या दहा मिनिटांत त्याने देवाचं नाव घेतलं नाही. त्याने एकच मागणं मागितलं, की आई खोटं बोललेली असू दे. तिने चोरून मोरावळा दिलेला असू दे, पेरू दिलेला असू दे, काहीही, पण ती खोटारडी निघू दे. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या खोटेपणासाठी तो हात जोडून उभा होता.

निळ्या रंगात त्याने थेंब सोडले. तिसरी खळगी आधी उतरली. मग दुसरी. पहिली उतरेना, आणि तो तिच्यावर डोळे लावून बसला. मग तीही थोडी उतरली आणि थांबली. आकडे आले सत्याहत्तर, त्रेसष्ट, अडतीस.

आकडे काय सांगतात ते त्याच्याइतकं कुणाला वाचता येणार होतं? पहिल्या वेळेला आवळा खराच होता, पण त्या आवळ्याच्या आड दुसरंही कुणी उभं होतं. त्या दिवशी कोहळा घातला असता तर सत्याहत्तर आला असता, म्हणजे ऐंशीच्या खाली, म्हणजे फोन. दुसऱ्या वेळेला आवळा नव्हताच, आईने ऐकलं होतं. जे होतं ते वाढत होतं. आठ आठवडे त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हातांनी मोजलं जात वाढत होतं, आणि दर वेळी तो त्याला नाव देत होता, हसत, मोत्यासारख्या अक्षरात.

मॅडम आल्या तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता. त्यांनी आधी खळग्या पाहिल्या, मग उघडलेली कोहळ्याची बाटली. विचारलं, कुणाची परवानगी घेतलीस. मग आकडे वाचले आणि त्यांचा आवाज खाली आला.

“तीस नंबर. त्या खालच्या मजल्यावरच्यांना आत्ताच्या आत्ता फोन लाव. काय नाव मुलीचं, श्रुती ना?”

“जाई,” रूपेश म्हणाला. “माझी मुलगी आहे.”

मॅडम रागावतील, नोकरी जाईल, असं त्याला वाटलं होतं, आणि तसं झालं तर बरं असंही वाटत होतं. त्यांनी वही ओढली, डिसेंबरचं पान काढलं, मग एकतीस तारखेचं. दुसऱ्या ‘आवळा’खाली त्यांची सही होती, घाईची, शेपूट लांब गेलेली. त्यांनी त्या सहीवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, की नियम त्याने मोडला, पण निरोगी मुलावर कोहळा न घालण्याचा आंधळा नियम आपणच केला होता. ज्या हॉस्पिटलातून आजारी मुलांच्या कुप्या येत तिथे त्यांनी फोन लावला आणि शुक्रवारी सकाळची वेळ घेतली.

निघताना त्यांनी तिन्ही तारखा आणि तिन्ही आकडे एका कागदावर लिहून त्याच्या हातात दिले. वहीतल्या दोन्ही पानांची झेरॉक्सही जोडली. हे डॉक्टरांना द्यायचं, असं त्या म्हणाल्या नाहीत. गाठ किती वेगाने वाढतेय हे कळलं तर औषध किती कडक द्यायचं ते ठरवता येतं, नुसत्या सोनोग्राफीवरून ते कळत नाही, एवढंच सांगितलं. “ती माहिती जगात फक्त तुझ्याजवळ आहे, रूपेश.”

त्या रात्री आणि गुरुवारी नमिताला त्याने निम्मंच सांगितलं. पोट कडक लागतंय, मॅडमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, एकदा दाखवून घेऊ. नमिताचा चेहरा उतरला, पण तिने शाळेत रजा टाकली. भागीरथीबाईंनी जाईवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. त्या तव्यावर तडतडल्या नाहीत, याचा अर्थ दृष्ट नाही, असं त्या पुटपुटल्या, आणि मग काय हाय, असं कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं. बरणीचा विषय त्यांनी काढला नाही. मुलाने आपल्याला खोटी समजलं होतं हे त्यांना कळलं होतं, पण त्याचं तोंड बघून त्यांनी नुसतं ताट वाढलं. रूपेशने कागद शर्टाच्या खिशात ठेवला. शुक्रवारी सकाळी शर्ट बदलला तेव्हा तो नव्या शर्टाच्या खिशात घालायला विसरला नाही. विसरावा असं मात्र फार वाटलं.

सोनोग्राफी झाली, मग त्याच दिवशी आत नेऊन सीटी स्कॅनचा मोठा फोटोही काढला. दुपारी दोनच्या सुमारास डॉक्टरांनी दोघांना खोलीत बोलावलं. जाई झोपली होती, नमिताने तिला डाव्या खांद्यावर घेतलं होतं, रूपेशच्या बाजूला. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, आणि भले होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. डाव्या मूत्रपिंडाच्या वर गाठ आहे. तिने पोटाची मधली रेघ ओलांडलेली आहे, मोठ्या रक्तवाहिनीला वेढा दिलेला आहे. आधी केमो द्यावी लागेल, नुसतं ऑपरेशन करून भागणार नाही. मधल्या रेघेच्या अलीकडे असती तर गोष्ट वेगळी होती, असं बोलून ते थांबले, बोलायला नको होतं असं त्यांना वाटलं असावं.

नमिता हुंदका देऊन रडायला लागली. ती परत परत एकच म्हणत होती, की मी रोज हिला अंघोळ घालते, मला कसं कळलं नाही. मी आई आहे, मला कसं नाही कळलं. डॉक्टर पुढे झुकले आणि त्यांनी तिला समजावलं, की या गाठी मुकाट वाढतात, घरातल्या कुणालाच कळत नाहीत, कळायचा काही मार्गच नसतो. यात आईवडिलांची काहीही चूक नसते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नमिताने डोळे पुसले. तिने मोकळा हात पुढे करून रूपेशची बोटं पकडली, घट्ट. “ऐकलंस ना,” ती म्हणाली. “आपल्याला कळायचा काही मार्गच नव्हता.”

रूपेशने मान हलवली. खिशातला कागद त्याला छातीशी टोचत होता. तो गप्प बसला असता तर जन्मभर कुणालाही कळलं नसतं. मॅडम बोलल्या नसत्या. आई तर नाहीच नाही. नमिताचा हात असाच त्याच्या हातात राहिला असता.

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. आता औषध ठरवायचंय, ते म्हणाले, गाठ सावकाश वाढणारी आहे की झपाट्याने, यावर डोस अवलंबून. पण आधीचं काहीच हाताशी नाही, म्हणून मध्यम डोसने सुरुवात करू आणि बघू कसं काय. “गाठीचा पहिल्यांदा पत्ता लागला ती तारीख म्हणून मी आजचीच घालतो,” असं म्हणून त्यांनी पेन टेकवलं.

“तीन डिसेंबर,” रूपेश म्हणाला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, नक्की तारीख कशी काय सांगता येते तुम्हाला. रूपेशने मोकळ्या हाताने खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि टेबलावर त्यांच्या पुढ्यात ठेवला. सांगायला सुरुवात केली. कुपी कुणाची होती, फॉर्मवर सही कुणी केली, तीन तारखा, तीन आकडे. कुठे थांबला नाही, कारण थांबलो तर पुढचं बोलता येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. डॉक्टर ऐकताऐकता आकड्यांवरून बोट फिरवत होते. मग त्यांनी आधी लिहिलेल्या मध्यम डोसवर काट मारली आणि नवीन काहीतरी लिहायला घेतलं.

झेरॉक्सवरचं अक्षर नमिताने ओळखलं. घरातल्या दुधाच्या वहीपासून जाईच्या जन्माच्या नोंदीपर्यंत सगळीकडे तेच अक्षर होतं. ती वाचत राहिली, मग वर पाहिलं, त्याच्याकडे नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि तिचे ओठ हलू लागले. ती आठवडे मोजत होती.

मग तिने आपला हात सोडवून घेतला, उठली, आणि झोपेतल्या जाईला अलगद उचलून त्याच्यापासून लांबच्या, दुसऱ्या खांद्यावर घेतलं.